फरशीखालची ओल: लाकडी, विनाइल किंवा इपॉक्सी फ्लोअरिंगआधी काँक्रीट कसं तपासायचं? पुणेकरांचे नेहमीचे प्रश्न

गणपती विसर्जन झालं की आमचे फोन वाजायला लागतात. "दिवाळीच्या आत बेडरूमला लाकडी फ्लोअरिंग हवंय." हौस खरी असते आणि घाईही समजते. पण पुण्यात काँक्रीट सगळ्यात ओलं असतं ते नेमकं याच दिवसांत, कारण जूनपासूनचा पाऊस त्याने नुकताच सोसलेला असतो. फ्लोअरिंग करून घेणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत आम्हाला जे प्रश्न विचारले, ते इथे उत्तरांसह दिले आहेत.

स्लॅब कोरडा ठणठणीत दिसतोय. मग तपासायचा कशाला?

वाळवणाचे सांडगे आठवा. दोन दिवसांच्या उन्हात ते वरून कडक होतात, पण मोडून पाहिलं तर आत ओले असतात. तसेच डब्यात भरले तर आठवड्यात बुरशी धरते. काँक्रीटचं अगदी असंच आहे.

काँक्रीट करताना सिमेंटच्या पन्नास किलोच्या एका गोणीला साधारण २५ लिटर पाणी लागतं. त्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी सिमेंटशी रासायनिक संयोग होऊन कायमचं बांधलं जातं. उरलेलं पाणी काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत राहतं आणि हळूहळू वरच्या पृष्ठभागातून बाहेर पडतं. म्हणून वरचा थर आधी वाळतो आणि पोटात ओल तशीच राहते. त्यावर विनाइल किंवा लाकूड टाकलं की डब्याचं झाकण लागलं. आता पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे आतली ओल वर सरकते आणि सगळ्या जाडीत सारखी पसरते. काल कोरडा दिसणारा पृष्ठभाग महिन्याभरात ओलसर होतो, तेही डिंकाच्या अगदी खाली. डोळ्यांना किंवा तळहाताला यातलं काही कळत नाही.

ओल राहिली तर नक्की होतं काय?

वरचा माल कोणता, यावर ते ठरतं. लॅमिनेटचा गाभा लाकडाच्या दाबलेल्या भुशाचा असतो. तो पाणी पिऊन फुगतो, सांधे वर येतात, आणि एकदा फुगलेली पट्टी पुन्हा बसत नाही. सागवानी किंवा इंजिनिअर्ड लाकडाची पट्टी खालून ओली आणि वरून कोरडी राहिली की तिच्या कडा उचलल्या जातात आणि मधे पन्हळ पडते. चिकटवलेल्या विनाइलखाली डिंक मऊ पडून सांध्यातून काळपट चिकट रेघा बाहेर येतात. काँक्रीटमधून येणारं पाणी साधं नसतं, त्यात सिमेंटचा क्षार असतो. नुसत्या ओलीपेक्षा हा क्षारच बऱ्याच डिंकांना खाऊन टाकतो. इपॉक्सीवर फोड येतात. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना हे फोड चांगले ओळखीचे आहेत: टाचणी टोचली की आतून पाणी येतं.

आणि सगळ्यांत आधी येतो तो कुबट वास. घरात दम्याचं माणूस किंवा रांगतं मूल असेल तर मला पट्ट्यांपेक्षा या वासाची काळजी जास्त वाटते.

नवीन कोबा घातलाय. किती दिवस थांबायचं?

ठोकताळा असा की दर इंचाला एक महिना. चार इंची थर असेल तर चार महिने. यात लोक दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक म्हणजे मोजणी कोबा घातल्या दिवसापासून करणं. क्युरिंगचे दिवस वाळण्यात धरायचे नाहीत. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख किंवा स्लॅग मिसळलेल्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारायचं असतं, आणि ते मारलंच पाहिजे. फ्लोअरिंगच्या घाईत क्युरिंग कापू नका. वाळण्याची मोजणी पाणी मारणं थांबल्यावर, तीही वर छप्पर आणि खिडक्यांना काचा लागल्यावर सुरू होते.

दुसरी चूक पावसाळ्याची. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या हवेतच इतकी आर्द्रता असते की काँक्रीटने ओल सोडायची कुठे? हे दोन महिने कॅलेंडरवर मोजले जातात, पण वाळण्यात जवळजवळ शून्य. एप्रिलमध्ये दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते. तेव्हाचा एक महिना आणि श्रावणातला एक महिना यांची बरोबरी होत नाही.

म्हणून ठोकताळा फक्त अंदाज बांधायला वापरा. निर्णय मोजूनच घ्या.

घरच्या घरी काही करून बघता येईल का?

येईल, आणि जरूर करा. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या. जागा झाडून स्वच्छ करा, प्लास्टिक सपाट अंथरा आणि चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा. कुठेही फट नको. कमीत कमी १६ तास ठेवा. मी तर दोन दिवस ठेवायला सांगतो. मग प्लास्टिक उचला. खालून दवबिंदू दिसले, किंवा काँक्रीटचा तेवढा चौकोन आजूबाजूपेक्षा गडद दिसला, तर ओल आहे. गडद चौकोन लगेच पाहायचा, हवा लागली की काही मिनिटांत फिका होतो. उन्हाचा कवडसा पडतो त्या जागी ही चाचणी करू नका.

एवढं मात्र ध्यानात असू द्या: प्लास्टिक ओलं निघालं तर उत्तर पक्कं आहे, थांबा. कोरडं निघालं तर उत्तर पक्कं नाही. खोलवरची ओल दोन दिवसांत वर येईलच असं नाही, आणि स्लॅब व खोलीच्या तापमानात फारसा फरक नसेल तर दव धरतही नाही. या एका चाचणीवर दोन लाखांचं लाकूड टाकू नये.

थेंबाची चाचणी म्हणून काही मिस्त्री काँक्रीटवर पाण्याचे थेंब टाकून दाखवतात. थेंब मिनिटभरात जिरला की "कोरडं आहे" म्हणतात. त्यातून एवढंच कळतं की पृष्ठभाग पाणी शोषतो, म्हणजे डिंक किंवा प्रायमर धरेल. आतल्या ओलीबद्दल ती चाचणी काहीच सांगत नाही.

एकाचा मीटर ४ टक्के दाखवतो, दुसऱ्याचा ८५ टक्के. खरं कोणाचं?

दोघांचंही खरं असू शकतं. या गोंधळामुळे साइटवर भांडणं झालेली मी पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

४ टक्के म्हणजे काँक्रीटच्या वजनात पाण्याचं वजन किती. ८५ टक्के म्हणजे काँक्रीटच्या छिद्रांत जी हवा अडकली आहे, तिची सापेक्ष आर्द्रता. ही दोन वेगळी मापं आहेत, आणि एकाचं दुसऱ्यात रूपांतर करणारं सरसकट सूत्र नाही, कारण प्रत्येक काँक्रीटचा सिमेंट-पाणी-खडीचा मेळ वेगळा असतो. ४ टक्के हा आकडा कानाला लहान वाटतो, पण काँक्रीटसाठी तो लहान नाही. बऱ्याच इपॉक्सींच्या माहितीपत्रकात ४ टक्के हीच कमाल मर्यादा दिलेली असते.

आता हातातल्या मीटरबद्दल. दोन सुयांचा मीटर मुळात लाकडासाठी असतो. लाकडाच्या स्केलवर ठेवून तो काँक्रीटला लावला तर जो आकडा येतो, त्याला काही अर्थ नाही. काँक्रीटसाठीचा सपाट तळाचा मीटर वेगळा असतो. तो फक्त वरचा इंचभर थर पाहतो, आणि मधे सळई किंवा क्षार आले तर फसतो. तरी मला तो आवडतो, कारण दहा मिनिटांत सगळ्या घरावर फिरवता येतो आणि कुठला कोपरा बाकीच्यांपेक्षा ओला आहे ते कळतं. खरी चाचणी कुठे करायची, ते त्याच्यावरून ठरवा. होकार-नकार त्याच्यावरून ठरवू नका.

मग खात्रीची चाचणी कोणती?

भोक पाडून आतली आर्द्रता मोजणं. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेचं एफ २१७० हे मानक त्यासाठी आहे, आणि पुण्यातही आम्ही त्याच पद्धतीने करतो.

हॅमर ड्रिलने, पाणी न वापरता, ठरावीक खोलीचं भोक पाडतात. स्लॅब फक्त वरून वाळत असेल, म्हणजे जमिनीवरचा असेल, तर जाडीच्या ४० टक्के खोल. चार इंचाच्या थराला दीड इंचाहून थोडं जास्त, म्हणजे ४० मिलिमीटर. वरून आणि खालून दोन्हीकडून वाळणारा वरच्या मजल्यावरचा स्लॅब असेल तर २० टक्के. या खोलीमागे विचार आहे: वरून झाकण लागल्यावर सगळी ओल सारखी पसरली की पृष्ठभागाखाली जी आर्द्रता होईल, साधारण तीच आज या खोलीवर मिळते. म्हणजे आज भोकात वाचलेला आकडा हा तुमच्या डिंकाला पुढे काय सोसावं लागेल त्याचा आकडा आहे.

भोक ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ करायचं, तळापर्यंत नळी बसवायची, वरून बूच लावायचं आणि २४ तास थांबायचं. पूर्वी ७२ तास थांबावं लागायचं, २०१८ च्या सुधारणेत ते २४ वर आलं. भोक पाडल्या पाडल्या सेन्सर घालून लगेच आकडा सांगणारा माणूस आला तर तो आकडा मान्य करू नका. ड्रिलच्या उष्णतेने आतली हवा बदललेली असते.

पहिल्या १००० चौरस फुटांना तीन भोकं, पुढच्या प्रत्येक १००० ला एक. म्हणजे टू बीएचकेमध्येही तीन लागतातच. जमिनीवरच्या स्लॅबला त्यातलं एक बाहेरच्या भिंतीपासून तीन फुटांच्या आत असावं. फ्लॅटमध्ये एक बाथरूमच्या भिंतीला लागून घ्या, असा माझा आग्रह असतो. कारण पुढे येईल.

माल बनवणाऱ्याने वेगळी मर्यादा दिली नसेल तर ७५ टक्के धरा. काही डिंक ८५ किंवा ९० पर्यंत चालतात, पण तसं त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. दुकानदाराच्या तोंडी "चालतंय हो" वर जाऊ नका.

ड्रिल लावण्याआधी विजेचे कंड्युट आणि पाण्याच्या लाइनी कुठून गेल्यात ते पाहा. नव्या टॉवरमध्ये स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला, आहे का, ते सोसायटीच्या किंवा बिल्डरच्या इंजिनिअरला विचारा. असेल तर ताणलेल्या केबलची जागा कळल्याशिवाय भोक पाडायचं नाही. यात तडजोड नको.

सेन्सर बरोबर आहे हे कसं कळणार?

कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र मागा. शिवाय एक सोपी पडताळणी आहे. छोट्या बुचात खायचं मीठ घ्या, थोडं पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, ते आणि सेन्सर एका घट्ट डब्यात बंद करा आणि रात्रभर ठेवा. साधारण २५ अंश तापमानाला आतल्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मिठाच्या संपृक्त द्रावणाचा हा गुणधर्मच आहे. सेन्सर ८१ दाखवत असेल तर तो दुरुस्तीला पाठवायचा. तुमच्या मर्यादेचा आकडाही ७५ च्या आसपास असतो, म्हणून ही पडताळणी फार उपयोगाची.

कॅल्शियम क्लोराईडची बशी ठेवतात, ती चालते का?

चालते, पण माझी पहिली पसंती नाही. काँक्रीट घासून, २४ तास उघडं ठेवून, त्यावर वजन केलेली बशी ठेवतात, वर प्लास्टिकचा घुमट चिकटवतात आणि ६० ते ७२ तासांनी पुन्हा वजन करतात. १००० चौरस फुटांतून २४ तासांत किती पौंड बाष्प निघालं, असा हिशेब येतो. ३ पौंड ही नेहमीची मर्यादा. पण ती वरच्या थरापुरतं बोलते आणि खोलीतली हवा बदलली की आकडा बदलतो. खिडक्या उघड्या आणि बाहेर भुरभुर पाऊस, अशा घरात तिचा भरवसा नाही. हलक्या वजनाच्या काँक्रीटवर ती करूच नये.

कार्बाइडची बाटली हा आणखी एक मार्ग. काँक्रीटचा तुकडा खोलवरून काढून, कुटून, कॅल्शियम कार्बाइडबरोबर पोलादी बाटलीत हलवतात. पाण्याशी संयोग होऊन ॲसिटिलीन वायू बनतो आणि त्याच्या दाबावरून ओल कळते. माती तपासणाऱ्या लॅबमध्ये ही बाटली असतेच. ती मोकळ्या हवेत उघडायची, जवळ विडी-सिगरेट किंवा वेल्डिंग नको.

आम्ही जुन्या व्हिट्रिफाइड फरशीवरच टाकतोय. तरी तपासायचं?

हो. फरशी स्वतः पाणी पीत नाही, पण तिच्या सांध्यांतून ओल येते. कुठली फरशी ठोकल्यावर पोकळ वाजते का, सांध्यांत पांढरा लोणा आहे का, स्कर्टिंगच्या वर रंग फुगलाय का, हे पाहा. शंका आली तर पलंगाखाली येईल अशा जागेची एक फरशी काढा आणि खालचा मसाला व स्लॅब दोन्ही तपासा. एका फरशीचं नुकसान परवडतं.

आम्ही सातव्या मजल्यावर. आमच्याकडे ओल येणार कुठून?

बाथरूममधून. फ्लॅटमध्ये मी जितकी फुगलेली फ्लोअरिंग उघडली, त्यात जमिनीची ओल क्वचित होती. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्यात ब्रिकबॅट कोब्याची, म्हणजे विटांच्या तुकड्यांची, भर असते, आणि वॉटरप्रूफिंग कुठेतरी सुटलं की ही भर पाणी धरून ठेवते. मग उंबऱ्याखालून ते पाणी बेडरूमच्या फरशीखालच्या रेती-सिमेंटच्या मसाल्यात उतरतं आणि आडवं पसरत जातं. वाकडच्या एका घरात बाथरूमपासून अकरा फुटांवर, कपाटाखाली, पट्टी फुगली होती. घरच्या ताई दोन महिने कपाटामागे पेस्ट कंट्रोल करवून घेत होत्या, कारण त्यांना वाटलं वाळवीच आहे.

म्हणून आधी बाथरूमची ट्रॅप बुजवून दोन-तीन इंच पाणी भरून ४८ तास ठेवा, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना छत पाहायला सांगा, मगच फ्लोअरिंगचं बोला. गळती चालू असताना केलेली कोणतीही ओल-चाचणी वाया जाते.

तळमजला, बंगला किंवा पेठेतलं जुनं घर असेल तर?

मुरूम, सोलिंग (दगडांचा थर), त्यावर पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट), अशा रचनेत पीसीसीखाली प्लास्टिक अंथरलेलं असेल तर नशीब. बहुतेक जुन्या बंगल्यांत ते नसतं. मग जमिनीची ओल वर्षानुवर्षे येतच राहते आणि कितीही थांबलात तरी स्लॅब "वाळून" जात नाही. इथे मे महिन्यातला आकडा घेऊन समाधान मानू नका, सप्टेंबरमध्ये पुन्हा मोजा.

वाड्यातल्या शहाबादी फरशीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तिच्यावर विनाइल टाकू नका. ती फरशी आणि तिचे सांधे खालची ओल थोडी थोडी हवेत सोडत असतात, म्हणून ती इतकी वर्षं टिकली. वरून प्लास्टिक लावलं की तीच ओल भिंतीकडे वळते आणि मातीच्या भिंतीचा गिलावा सुटायला लागतो. फरशी घासून पॉलिश करा. फार सुंदर दिसते.

एसपीसी वॉटरप्रूफ असतं ना? मग कशाला चाचणी?

एसपीसी म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून केलेली पट्टी. ती वॉटरप्रूफ असते, तिच्याखालची जागा नसते. पट्टी फुगणार नाही हे खरं. पण खाली अडकलेल्या ओलीत बुरशी धरते, वास सुटतो, लोणा साठतो. एसपीसीच्या बॉक्समधल्या कागदावरही बहुधा काँक्रीटच्या ओलीची मर्यादा छापलेली असते. वॉरंटी मागायला गेलात की तोच कागद समोर येतो.

आकडा जास्त आला. आता?

पहिला उपाय, वेळ. खिडक्या कधी उघडायच्या हे हवेवर ठरवा: बाहेर कोरडी असेल तेव्हा उघड्या, पाऊस असेल तेव्हा बंद करून डिह्युमिडिफायर आणि पंखे. हीटर किंवा ब्लोअर लावून घाई करू नका, वरचा थर कडकडीत होतो, भेगा पडतात आणि आत फारसा फरक पडत नाही.

तरंगतं, म्हणजे न चिकटवता नुसतं अंथरलेलं, लॅमिनेट असेल आणि आकडा थोडासाच वर असेल, तर २०० मायक्रॉनचं पॉलिथिन अंथरून, कडांना २०० मिलिमीटर एकमेकांवर घेऊन, टेप लावून काम होतं. भिंतीपाशी ते वर वळवा. चिकटवायचं फ्लोअरिंग असेल तर दोन भागांचा इपॉक्सी ओलरोधक थर लागतो. त्याआधी पृष्ठभाग ग्राइंडरने उघडा करावा लागतो, नाहीतर जुन्या क्युरिंग कंपाउंडवर इपॉक्सी धरत नाही. थराची जाडी बनवणाऱ्याने सांगितली तेवढीच हवी, एका हाताने पातळ फासून भागत नाही.

तळमजल्यावर आकडा ९५ च्या पुढे असेल तर मी लाकडाचं काम घेत नाही. टाइल घ्या.

घरात पुराचं पाणी आलं होतं. किती दिवसांनी फ्लोअरिंग करावं?

जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, त्यानंतर हा प्रश्न खूप आला. आधी स्कर्टिंग आणि जुनं फ्लोअरिंग पूर्ण काढा, अंडरले फेकून द्या. भिंतीचा खालचा फूट-दोन फूट गिलावाही तपासा, कारण तो ओला असेल तर फरशीला ओल देत राहतो. निदान पुढच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबा आणि मग भोकाची चाचणी करा. तोवर उघड्या काँक्रीटवर राहावं लागतं, याचा त्रास मला कळतो. सतरंज्या घाला, पण रबराची किंवा प्लास्टिकची चटई नको.

बिल्डरने घातलेलं लाकडी फ्लोअरिंग वर्षातच उचललं. कोणाकडे जायचं?

रेरा कायदा २०१६, कलम १४(३): ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कामाच्या दर्जातला दोष लेखी कळवलात, तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पट्ट्या उचलून टाकण्याआधी फोटो काढा आणि ओलीची चाचणी करून घ्या. तुम्ही बिल्डरची फरशी काढून स्वतःचं फ्लोअरिंग घातलं असेल, तर जबाबदारी सिद्ध करणं अवघड जातं. त्या वेळी आधीचा चाचणी अहवाल हाच आधार.

त्या अहवालात काय असावं?

तारीख, घराच्या नकाशावर प्रत्येक भोकाची जागा, थराची जाडी, भोकाची खोली, किती तासांनी वाचन घेतलं, आतली आर्द्रता आणि तापमान, खोलीतल्या हवेची आर्द्रता आणि तापमान, सेन्सरचा क्रमांक आणि त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख. चाचणीच्या आधी ४८ तास खोली नेहमी वापरतो तशा हवामानात होती का, तेही लिहिलेलं हवं. "ओल तपासली, ठीक आहे" एवढं लिहून सही केलेला कागद घेऊ नका, परत पाठवा. आणि अहवालाची एक प्रत माल विकणाऱ्याला ईमेल करून, या आकड्यांवर तुमचा डिंक चालेल का, ते उत्तर लेखी मिळाल्यावरच पट्ट्यांचे बॉक्स घरात उघडा.